बारावीच्या निकालाआधीच वाटून झालेल्या जागा

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच खासगी विद्यापीठांच्या जाहिराती सुरू होतात. ‘पहिली फेरी’, ‘अर्ली ॲडमिशन’, ‘अर्ली बर्ड सवलत’, ‘आजच आपली जागा निश्चित करा’. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. जागा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून भरायला लागतात. दहावी-अकरावीचे गुण, एक इंग्रजी निबंध, एक मुलाखत, शिक्षकाचे शिफारसपत्र आणि बँकेतून वळती झालेली रक्कम, एवढ्यावर एका मुलाची पुढची तीन-चार वर्षे पक्की होतात. त्याच दिवसांत आमच्या वस्तीतली, तांड्यावरची, पाड्यावरची मुलगी बारावीची प्रॅक्टिकलची वही पुरी करत असते आणि घरात, शाळेत, समाजकल्याणच्या कार्यालयात तिला एकच वाक्य ऐकू येते : ‘आधी निकाल तर लागू दे, मग बघू.’

या ‘मग बघू’ची जात आम्हाला उघड करायची आहे. प्रवेशावर बोलताना आपण गुणांवर बोलतो, फीवर बोलतो, आरक्षणाच्या टक्क्यांवर बोलतो. वेळेवर बोलत नाही. पण जमीन, विद्या आणि प्रतिष्ठा जशी या देशात जातीनुसार वाटली गेली, तशी वेळही वाटली गेली आहे. एकाच्या मुलाला निकालाच्या सहा महिने आधी निर्णय घेता येतो, कारण त्याच्या मागे पैसा आहे, कागद तयार आहेत आणि घरात कुणीतरी आधी विद्यापीठ पाहिलेले आहे. दुसऱ्याच्या मुलाला सप्टेंबरपर्यंत थांबावे लागते, कारण त्याची शिष्यवृत्ती, त्याचे वसतिगृह, त्याची जात पडताळणी हे सगळे सरकारच्या टेबलावर पडून असते. लवकर प्रवेश ही सवलत नाही. ते तयार पैशाला दिलेले आरक्षण आहे, आणि त्याला कुणी ‘मेरिटचा बळी’ म्हणत नाही.

‘अर्ज करायला कुणी अडवले आहे?’

हा प्रश्न लगेच येतो, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ. दार सगळ्यांना उघडे आहे, फॉर्म ऑनलाइन आहे, जात कुणी विचारत नाही, मग तक्रार कसली?

चवदार तळ्यावरही पाटी नव्हती. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर दार उघडे होते. तरीही 1927 मध्ये बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन तिथे चालत जावे लागले. कागदावरचे उघडे दार आणि पायाखाली असलेली वाट यांतला फरक आपल्या चळवळीला कुणी नव्याने शिकवायला नको.

आता या लवकरच्या दारापर्यंतची वाट बघा. अर्जाची फी हजार-दोन हजारांच्या घरात असते, आणि एका विद्यापीठावर कुणी थांबत नाही. चार-पाच ठिकाणी अर्ज केला की ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढे पैसे नुसत्या अर्जात जातात. मग निबंध. ‘तुमच्या आयुष्यातला निर्णायक अनुभव लिहा’ असे इंग्रजीत विचारले जाते. आमच्या मुलांकडे अनुभवांची कमी नाही. तो अनुभव कोणत्या भाषेत, कोणत्या सुरात मांडला म्हणजे समोरच्याला ‘नेतृत्वगुण’ दिसतो, हे शिकवणारा समुपदेशक त्यांच्याकडे नाही. मोठ्या शहरांत हा निबंध घासूनपुसून देणाऱ्या शिकवण्या आहेत आणि त्यांची फी आहे. मग शिफारसपत्र. आश्रमशाळेतला, रात्रशाळेतला, एका वर्गात शंभरावर मुले सांभाळणारा कनिष्ठ महाविद्यालयातला शिक्षक असे पत्र कधी लिहीत नाही, कारण त्याच्याकडे ते कधी कुणी मागितलेले नाही. मग ‘अभ्यासेतर उपक्रम’. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणे, बाजाराच्या दिवशी आईच्या टोपलीजवळ बसणे, वडिलांबरोबर सेंट्रिंगच्या कामावर जाणे हे उपक्रमांच्या रकान्यात बसत नाही. पियानो बसतो, घोडेस्वारी बसते, परदेशातले उन्हाळी शिबिर बसते.

आणि शेवटी जागा राखण्याची रक्कम. निवड झाल्याचे पत्र येते आणि सोबत तारीख येते : अमुक दिवसांत इतके हजार भरा, नाहीतर जागा पुढच्याला. लवकर भरणाऱ्याला फीत सूट देण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे आणि तिला नाव दिले जाते ‘स्कॉलरशिप’. थोडे थांबून या शब्दाकडे बघा. ज्याच्याकडे पैसे तयार आहेत त्याला फीत सूट, आणि ज्याला पैसे जमवायला चार महिने लागतील त्याला पूर्ण फी. गरिबाने श्रीमंताची फी भरायची या व्यवहाराला शिष्यवृत्ती म्हणणे ही भाषेची चोरी आहे.

आमचा उशीर कोण घडवते?

‘तुम्हीच उशिरा जागे होता’ असे आपल्याला ऐकवले जाते. आमच्या मुलांचा उशीर हा त्यांच्या आळसातून आलेला नाही. तो शासनाच्या वेळापत्रकातून आला आहे, आणि त्याची एकेक कडी दाखवता येते.

पहिली कडी जात पडताळणीची. महाराष्ट्रात जातीचा दाखला असणे पुरेसे नाही. 2000 च्या कायद्यानुसार राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या मुलाने 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांच्या मुलाने 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसीच्या मुलाने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा द्यायचा. ज्याच्या आजोबांना शाळेत बसू दिले नाही त्याने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा. ज्याच्या पणजोबाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्याने जुना महसुली उतारा आणायचा. जो तांडा गावोगाव फिरत होता त्याने एका गावचा रहिवास सिद्ध करायचा. खोटे दाखले रोखलेच पाहिजेत, त्याबद्दल आमचे दुमत नाही; खोट्या दाखल्यांनी चोरी झाली ती आमच्याच जागांची. पण खऱ्याला खरे ठरायला महिनोन्महिने लावणारी यंत्रणा चोराला नव्हे, मालकालाच शिक्षा करते. दरवर्षी प्रवेशाच्या तोंडावर वैधता प्रमाणपत्रासाठी मुदतवाढ मागावी लागते, यातच या यंत्रणेचा कबुलीजबाब आहे.

दुसरी कडी शिष्यवृत्तीची. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांसाठी आहे. तिच्या 2021 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की व्यवस्थापन कोट्यातून, किंवा पारदर्शक गुणवत्ता प्रक्रिया न राबवता झालेल्या ‘स्पॉट’ प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळणार नाही. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. हा नियम शिक्षणसम्राटांनी शिष्यवृत्तीचा पैसा लाटू नये म्हणून आला, त्यामागचे कारण आम्हाला समजते. पण त्याचा दुसरा परिणाम कुणी बोलत नाही. कॅपच्या फेऱ्या बारावीनंतर, सीईटीच्या निकालानंतर सुरू होतात. खासगी विद्यापीठाची स्वतःची डिसेंबरातली फेरी म्हणजे कॅप नव्हे. म्हणजे ज्या दारातून लवकर आत जाता येते त्या दारातून गेलेल्या आमच्या मुलाची शिष्यवृत्ती धोक्यात, आणि ज्या दारातून शिष्यवृत्ती मिळते ते दार उशिरा उघडणार. लवकर जायचे तर कर्ज काढा. मोफत शिकायचे तर थांबा. हा पर्याय आमच्याच मुलांपुढे ठेवलेला आहे.

तिसरी कडी वसतिगृहाची आणि स्वाधारची. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा प्रवेश महाविद्यालयाच्या प्रवेशानंतर. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत आहे. ती मागायलाही आधी प्रवेशाची पावती लागते, आणि पैसे हातात पडतात तेव्हा खोलीचे भाडे कधीच थकलेले असते. साधा उत्पन्नाचा दाखला घ्या : एक वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो. डिसेंबरात काढलेला कागद जूनमध्ये पुन्हा काढायचा, पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू केंद्र, पुन्हा बुडालेली मजुरी.

या तीन कड्या एकत्र जोडल्या की साखळी तयार होते. तिच्या एका टोकाला खासगी विद्यापीठ आहे, ते म्हणते ‘लवकर या’. दुसऱ्या टोकाला शासन आहे, ते म्हणते ‘थांबा’. आणि मधे आमची मुलगी.

सरकारी लवकरचे दारही तपासू

कुणी म्हणेल, हा दोष खासगीकरणाचा; जिथे आरक्षण आहे तिथे लवकर प्रवेशाने आपले नुकसान नाही. मग राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे उदाहरण घेऊ. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्राची तीन विधी विद्यापीठे आहेत, तिथे आरक्षण आहे, आणि बाबासाहेबांच्या वारसांनी कायदा शिकावा यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. तिथल्या प्रवेशाची क्लॅट परीक्षा आता बारावीत असतानाच होते. 2025 च्या प्रवेशासाठीची परीक्षा 1 डिसेंबर 2024 रोजी झाली आणि जागावाटप डिसेंबरअखेरीसच सुरू झाले. राज्य मंडळाची बारावी सुरू झाली फेब्रुवारीत. म्हणजे विधी विद्यापीठाची जागा घ्यायची की सोडायची, पैसे भरायचे की नाही, हे मुलाने बारावीचा पहिला पेपर लिहिण्याआधी ठरवायचे.

परीक्षा इंग्रजीत. त्या वर्षी अर्जाची फी सर्वसाधारण गटाला 4,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 3,500. सवलत पाचशे रुपयांची! पुढे समुपदेशनात नाव नोंदवायलाच हजारोंची रक्कम. इथे आरक्षण आहे, जागा आहे, कायद्याचे संरक्षण आहे. तरी बीडच्या, गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या किती मुलांना ऑक्टोबरपर्यंत कळते की असा अर्ज भरायचा असतो? आरक्षण जागा राखून ठेवते. ती जागा कोणत्या महिन्यात मागायची ही माहिती कुणी राखून ठेवत नाही. मग आरक्षणाच्या जागांवरही आमच्यातले जे आधीच शहरात आहेत, इंग्रजी शाळेत आहेत, ज्यांचे आई-वडील नोकरीत आहेत, तेच पोचतात, आणि मग आपल्यालाच ऐकवले जाते की आरक्षणाचा लाभ ठरावीक लोक घेतात. त्यांनी घेतला म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाकीच्यांना दाराची वेळच सांगितली नाही, हा दोष आहे.

अमेरिकेने हे आधी करून पाहिले आहे

आपल्याकडची खासगी विद्यापीठे ही पद्धत अमेरिकेतून आणतात, म्हणून तिथे काय झाले ते माहीत हवे. तिथे ‘अर्ली डिसिजन’ नावाची बांधील फेरी असते. बारावीच्या वर्षात नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच विद्यापीठाला अर्ज करायचा आणि निवड झाली तर तिथेच जायचे असे लिहून द्यायचे. दुसऱ्या विद्यापीठाकडून जास्त आर्थिक मदत मिळते का, हे पडताळून पाहायची सोय त्यात राहत नाही. ज्याला मदतीची तुलना करायची गरजच नाही, त्याच्यासाठी हे दार बनवलेले आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले, त्याच कोलंबियात आज बारावीनंतरच्या प्रवेशासाठी ही बांधील फेरी आहे.

2003 मध्ये ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाऊसर या तिघांनी हजारो अर्जांचा अभ्यास करून दाखवले की लवकर अर्ज केल्याचा फायदा प्रवेश परीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळवण्याइतका असतो. गुण तेवढेच, मूल तेवढेच हुशार. फरक फक्त तारखेचा. 2006 मध्ये हार्वर्डने आपली लवकरची फेरी बंद करत असल्याचे जाहीर केले. कारण दिले ते असे की ती आधीच पुढे असलेल्यांना आणखी पुढे ढकलते. प्रिन्स्टननेही तेच केले. आणि 2011 मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली, कारण बाकीची विद्यापीठे थांबली नाहीत आणि स्पर्धेत मागे पडायची कुणाची तयारी नव्हती. यातला धडा सरळ आहे. विद्यापीठांच्या सदसद्विवेकावर सोडलेला न्याय पाच वर्षेही टिकत नाही. बाबासाहेबांनी हक्क हृदयपरिवर्तनावर सोडले नाहीत, कायद्यात लिहून घेतले, ते याचसाठी.

त्याच देशात दुसरे उदाहरणही आहे. टेक्सास राज्याने 1997 मध्ये कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात प्रवेशाची हमी. शाळा श्रीमंत वस्तीतली असो की कृष्णवर्णीय, मेक्सिकन मजुरांच्या वस्तीतली. तिथेही प्रवेश लवकर पक्का होतो, पण वेगळ्या लोकांसाठी. न्यायालयाने वंशाधारित सकारात्मक कृती अडवल्यावर काढलेली ती वाट होती, म्हणून ती आपल्याकडच्या आरक्षणाला पर्याय होऊ शकत नाही. आपल्याकडे एकाच शाळेत, एकाच बाकावर जात बसलेली असते. नुसते ‘शाळेतले वरचे दहा टक्के’ म्हटले तर गावातला पाटील-देशमुख पुन्हा वर येईल. पण आरक्षण कायम ठेवून त्यावर अशी हमी जोडता येते, एवढे टेक्सासने सिद्ध केले आहे.

कायदा आहे, पण वापरणार कोण?

खासगी संस्थांत आरक्षण आणता येत नाही, हा गैरसमज जाणूनबुजून पसरवला जातो. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटले की विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. हा खटला आपल्याच राज्याचा. त्यावर उत्तर म्हणून संसदेने 93 वी घटनादुरुस्ती केली आणि अनुच्छेद 15(5) आला : अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित संस्थांतही अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांसाठी प्रवेशात विशेष तरतूद करता येईल. 2014 मध्ये प्रमती खटल्यात घटनापीठाने हे कलम वैध ठरवले. म्हणजे दार कायद्याने उघडले. पण 2006 चा केंद्रीय कायदा फक्त केंद्र सरकारच्या संस्थांपुरता केला गेला. खासगी विद्यापीठांसाठी केंद्रीय कायदा आजवर झाला नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने शिफारस केली की असा कायदा करावा आणि खासगी संस्थांत अनुसूचित जातींना 15, जमातींना 7.5 आणि ओबीसींना 27 टक्के जागा द्याव्यात. देशातल्या नामांकित खासगी संस्थांत अनुसूचित जातींचे विद्यार्थी एक टक्क्याच्याही आत असल्याचे चित्र समितीसमोर आले होते. शिफारस बंधनकारक नसते. ती अंमलात आणायला रस्त्यावरचा दबाव लागतो. आणि हा दबाव ज्यांनी आणायचा ते आपण अजून ‘प्रवेशाची तारीख काय?’ हेच विचारत आहोत.

आपल्यातल्या दोन टोकांशी

चळवळीत या विषयावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, खासगी विद्यापीठे ही भांडवलदारांची आणि सवर्णांची बेटे आहेत, आपल्या मुलांनी तिकडे बघूच नये, सरकारी महाविद्यालये वाचवावीत. सरकारी शिक्षण वाचवण्याची लढाई पहिली आहे, यात शंका नाही. पण बहिष्काराची भाषा आमच्या पचनी पडत नाही. बाबासाहेब एल्फिन्स्टनलाही गेले, कोलंबियालाही गेले आणि परत येऊन सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये उभी केली. जिथे ज्ञान आहे तिथे जायचे आणि जिथे नाही तिथे ते न्यायचे, असे त्यांचे दुहेरी काम होते. उद्याची न्यायालये, वृत्तवाहिन्या, धोरणसंस्था ज्या वर्गखोल्यांतून भरल्या जाणार, त्या वर्गखोल्या आपण स्वतःहून सोडून द्यायच्या, हे कुणाच्या सोयीचे आहे?

दुसरे मत म्हणते, तक्रारी बंद करा, जमेल तसे आत शिरा, कर्ज काढा, जमीन विका, एकदा आत गेले की झाले. हे मत मांडणारे बहुधा स्वतः नोकरीत असतात. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू हीच सगळी पुंजी आहे, त्या घराला वर्षाला काही लाख फी असलेल्या ठिकाणी निकालाआधीच जागा राखायला लावणे म्हणजे सावकाराच्या दारात उभे करणे. तिथून पहिल्याच वर्षी फी थकून बाहेर पडलेला मुलगा फक्त पदवी गमावत नाही. ‘आपल्याला ते जमत नाही’ हा समज पुऱ्या वस्तीत पेरून जातो.

आमची भूमिका अशी आहे : लवकरच्या प्रत्येक दारावर आपल्या मुलाने थाप मारावी, पण परत न मिळणारा एक रुपयाही तिथे गुंतवू नये, आणि चळवळीने त्या दाराची चौकटच बदलायला लावावी.

बारावीत असलेल्यांनी काय करावे

जात पडताळणीचा अर्ज अकरावीत असतानाच करा. बारावीच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका. केंद्रीय विद्यापीठांसाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा लागतो, तो सोबतच काढा. सीयूईटी मराठीतूनही देता येते आणि केंद्रीय विद्यापीठांत आरक्षण आहे. दिल्ली, हैदराबाद, वर्धा ही नावे आपल्या मुलांच्या तोंडी सीईटीइतकीच सहज यायला हवीत. खासगी ठिकाणी अर्ज करायचाच असेल तर गरजेनुसार फी माफ करणारी विद्यापीठे आधी शोधा, आणि अर्जाची फी माफ करण्याची विनंती लेखी पाठवा. मागितल्याशिवाय कुणी माफ करत नाही.

निवडपत्र आले तर तीन गोष्टी लेखी विचारा. शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप या प्रवेशाला लागू होते का? प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत? पुढच्या वर्षांची फी किती? तोंडी आश्वासनाला किंमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या अधिसूचनेत ठरवून दिले आहे की प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्कापोटी थोडी रक्कम कापून पूर्ण फी परत करावी लागते, आणि विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. कुणी मूळ दाखला अडवला तर हा नियम त्यांच्या टेबलावर ठेवा आणि लेखी तक्रार करा. बाहेर देशी जायचे स्वप्न असेल तर हेही जाणून घ्या की राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75 जागा पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत; बारावीनंतर लगेच जाणाऱ्याला ती मिळत नाही. एजंट हे सांगणार नाही.

आणि कार्यकर्त्यांनो, 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी जी वर्गणी आपण गोळा करतो तिचा काही भाग ऑक्टोबरात अर्जांच्या फीसाठी बाजूला काढा. प्रत्येक बुद्धविहारात दिवाळीनंतर एक रविवार बारावीच्या मुलांसाठी ठेवा : एक लॅपटॉप, एक स्कॅनर, विद्यापीठ पाहून आलेला एक दादा किंवा ताई. निबंध कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारी माणसे आता आपल्यात आहेत. त्यांच्यावर समाजाचे ऋण आहे आणि ते फेडायची ही जागा आहे.

शासनाकडे आमच्या मागण्या

अनुच्छेद 15(5) खाली खासगी विद्यापीठांत आरक्षणाचा कायदा करा, आणि ते आरक्षण प्रत्येक फेरीला लावा. पहिल्या फेरीत खुल्या जागा भरून शेवटच्या फेरीत उरल्यासुरल्या जागांवर राखीव पाटी लावण्याची पळवाट ठेवू नका. बारावीच्या निकालाआधी कोणत्याही विद्यापीठाला जागा राखण्यासाठी रक्कम घ्यायला बंदी करा. निवड लवकर करायची असेल तर करू द्या, पैसे निकालानंतर. लवकर फी भरणाऱ्याला सूट देण्याचा प्रकार बंद करा. 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. ते कार्ड आणि जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या दिवाळीपर्यंत मुलाच्या हातात द्या, आणि उशीर झाला तर जबाबदारी अधिकाऱ्यावर टाका, मुलावर नको. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांनी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातल्या, आश्रमशाळेतल्या प्रत्येक राखीव प्रवर्गातील वरच्या मुलांना बारावीच्या आधी प्रवेशाची आणि वसतिगृहाची हमी द्यावी. ही हमी सध्याच्या आरक्षणाखेरीज, त्याच्या जागी नव्हे.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितले होते की शेतकऱ्याच्या कष्टातून येणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्चशिक्षणावर खर्च होतो आणि ज्याच्या घामाचा तो पैसा आहे त्याच्या मुलांच्या वाट्याला शाळा येत नाही. आज खासगी विद्यापीठांना मिळणाऱ्या जमिनी, रस्ते, पाणी, परवाने यांचा हिशोब काढला तर तीच तक्रार नव्या शब्दांत करावी लागते.

1946 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी लवकर भरवले, कारण शिकणारी मुले दिवसा नोकरी करत होती. महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे चालायचे, हा त्यातला विचार होता. आज विद्यापीठे पैशाच्या घड्याळाप्रमाणे चालतात आणि आमच्या मुलांना सांगतात की तुम्ही उशिरा आलात. त्यांचे घड्याळ बदलायला लावणे हे या पिढीचे काम आहे. पुढच्या दिवाळीआधी आपापल्या तालुक्यात सुरुवात करा.

जय भीम.